मुका चिंचोका

"शब्द पुरता बाहेर पडू दे, मग चिंचोका सोड. घाई करायची नाही. मुका चिंचोका ढिगात पडला तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते."

सफियाआपांचा हा आवाज मला अजून येतो. आपांना जाऊन तेवीस वर्षं झाली. आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या मुली कुराण वाचायला त्यांच्याच पडवीत शिकल्या, मी लग्न होऊन इथं आले ती खाडीपलीकडच्याच गावातून, म्हणून लहानपणी मीही होडीतून त्यांच्याकडे यायची. आपा चालताना किंचित लंगडायच्या. त्यांना राग यायच्या आधी त्यांची तपकिरीची डबी वाजायची, तेवढ्यात आम्ही सरळ होऊन बसायचो.

आमचं कोंडबंदर खाडीच्या तोंडाशी. माणसं दर्यावर जगणारी. कुणाची लाँच वेळेवर आली नाही, कुणाचं दुखणं हटेना, की बायका आयते करीमा पढायला बसायच्या. युनूस नबींनी माशाच्या पोटातून केलेली ती दुआ. सव्वा लाख वेळा म्हणायची. एकटीच्यानं ते होणार नाही, म्हणून साऱ्याजणींनी मिळून. मधे चादरीवर चिंचोक्यांचा ढीग, मोजून पाच हजार. प्रत्येकीनं ओंजळभर घ्यायचे, दुआ एकदा म्हणायची आणि एक चिंचोका पलीकडच्या चादरीवर सोडायचा. अख्खा ढीग पलीकडे गेला की आपा समोरच्या थाळीतला एक शिंपला उलटा ठेवायच्या. असे पंचवीस शिंपले उलटे झाले की सव्वा लाख पुरे.

हल्ली तरुण मौलवीसाहेब सांगतात की अशी मोजणी कुठे लिहिलेली नाही. असेल तसं. मी वाद घालत नाही. माझ्याबाबतीत जे झालं तेवढंच सांगते.

त्या सोमवारी आपांनी मुक्या चिंचोक्याचं तेच चाळीस बायकांना ऐकवलं. नोव्हेंबर महिना होता. बशीर तांडेलांच्या घरात, माजघरातली सगळी भांडी बाहेर काढून आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. तांडेलांची लाँच 'सफीना' पाच माणसं घेऊन मंगळवारी गेली होती, गुरुवारी वादळ उठलं, बाकीच्या लाँची शुक्रवारपर्यंत कशाबशा परतल्या आणि 'सफीना' आली नाही. सरकारी बोट शोधायला गेली होती म्हणत. सहा दिवस झाले होते.

"आपा, सव्वा लाखाच्या आत माजे गुडघे मोडतील," जुबेदा म्हणाली. ती तांडेलांची चुलत भावजय, मयताच्या घरातही तिला गप्प बसवत नसे.

"गुडघ्यांनी पढायचं नाहीये, जुबेदा."

दोघीतिघी हसल्या. मग तांडेलांच्या बायकोकडे लक्ष गेलं आणि हसू तिथंच राहिलं.

माझ्या शेजारी हाजराखाला बसली होती. ती आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. पन्नाशीची, विधवा. तिचा एकुलता एक मुलगा इद्रिस 'सफीना'वर होता. ओंजळीत चिंचोके घेण्याआधी तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बरं वाटतंय ना गो तुला आता? चक्कर येत नाय ना?"

"नाही, खाला."

"पाण्याचा तांब्या जवळ ठेव. फार वेळ बसायचं हाय."

ती विचारत होती त्या तापाचं इथं सांगायला हवं. मला ताप नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीची हळद त्या गुरुवारी होती, माझ्या माहेरी. लग्न होऊन मला दीड वर्ष झालं होतं. माझा नवरा शौकत बशीर तांडेलांच्या लाँचवर खलाशी. त्यानं सुट्टी मागितली तर तांडेल म्हणाले, "हळदी होतच राहतात रे. पापलेट थांबत नाय." शौकत गप्प घरी आला. मला तो एकटीच जा म्हणाला. एकटीनं जायचं म्हणजे माहेरच्या बायका विचारणार, नवरा कुठाय, भांडण झालं काय? मला हिरवी साडी नेसून त्याच्यासोबत होडीतून उतरायचं होतं. एवढंच होतं ते. बावीस वर्षांच्या मुलीला एवढंच पुष्कळ असतं.

त्याच्या आदल्या सोमवारी संध्याकाळी मी कांदा चिरला, अर्धा अर्धा दोन्ही काखांत दाबला आणि गोधडी घेऊन पडले. त्यानं अंग तापतं म्हणत, शाळेत असताना आम्ही परीक्षा चुकवायला हे करायचो. पहाटे शौकतनं माझ्या कपाळाला हात लावला आणि तो घाबरला. पेजेचं भांडं घेऊन हाजराखाला आली. तिनंही कपाळ पाहिलं, गळा पाहिला, गोधडी खांद्यापर्यंत ओढून नीट खोचली. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"शौकत, तू ऱ्हा घरी," ती म्हणाली. "माजा इद्रिस जाईल तुज्या जागी."

इद्रिस एकोणीस वर्षांचा. तो सहसा दर्यावर जायचा नाही, बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. खिशात कायम छोटा स्क्रू-ड्रायव्हर. मला पलीकडच्या अंगणातून खालाचा चढलेला आवाज ऐकू आला, शब्द कळले नाहीत. थोड्या वेळानं इद्रिस आमच्या दारावरून गेला. खांद्यावर शौकतचं जाड जर्किन.

"भाबी, ही फेरी तुमच्या नावावर! आल्यावर शेवयांची खीर लागेल, आधीच सांगतो."

मी गोधडीतून बारीक आवाजात "हो" म्हटलं. बुधवारी मी बरी झाले. गुरुवारी हळदीत माझ्या चुलतबहिणी म्हणाल्या, मैमून, तुझा नवरा किती साधा गं. संध्याकाळी वारा असा सुटला की मांडवाचं कापड खाडीत गेलं.

शौकतनं त्यानंतर चार दिवस धड जेवण घेतलं नव्हतं. "मी असायला हवा होतो त्याच्या जागी," तो म्हणायचा. आणि मी त्याची पाठ चोळायचे.

तर आम्ही पढायला बसलो. ला इलाहा इल्ला अन्ता, सुबहानका, इन्नी कुन्तु मिनज्जालिमीन. ही दुआ मी सात वर्षांची असल्यापासून म्हणत आले होते. परीक्षेच्या वेळी, आई आजारी असताना, दाढ दुखताना. तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता आणि तो विचारावा असं कधी वाटलंही नव्हतं. संकटात म्हणायची दुआ, म्हणजे संकटातून काढ असंच काहीतरी असणार. चाळीस बायका एकत्र म्हणू लागल्या की त्याचा आवाज माणसांचा राहत नाही. भरतीच्या वेळी खडकांच्या कपारीत पाणी शिरतं तसा घुमतो. त्याखाली चिंचोक्यांची बारीक टपटप.

चिंचोके जुने होते, बोटांनी घासून घासून काळेभोर झालेले. माझ्या मनात आलं, ह्यातला एखादा माझ्या सासूच्या हातातला असेल, तिच्या सासूच्या हातातलाही. कुणाकुणासाठी त्या बसल्या असतील.

दुपार कलल्यावर अस्रच्या नमाजला पंधरा शिंपले उलटे झाले होते. बायका हातपाय धुऊन वुजू करायला मागच्या अंगणात गेल्या. आपांचा पाय धरला होता, म्हणून मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. पाणी घालता घालता सहज विचारलं.

"आपा, आपण इतक्या वेळा काय मागतो हो?"

आपा हात धूत राहिल्या. "कुणी सांगितलं मागतो म्हणून?"

"मग?"

"युनूस नबींची गोष्ट येते ना तुला?"

"येते. माशानं गिळलं."

"त्याच्या आधीची?"

ती मला अर्धवट येत होती. आपांनी सांगितली. वडिलांनी ठेवलेलं उर्दू तर्जुम्याचं कुराण त्यांच्याकडे होतं, त्या रोज पहाटेच्या फजरनंतर दोन पानं वाचायच्या. त्या म्हणाल्या, युनूस नबी आपल्या लोकांवर रागावून निघाले. अल्लानं ज्या कामावर ठेवलं होतं ते सोडून निघाले. किनाऱ्यावर एक भरलेलं जहाज होतं, त्यात चढले. भर समुद्रात वादळ उठलं. जहाज हलकं करायला हवं, एक माणूस पाण्यात जायला हवा. चिठ्ठ्या टाकल्या.

माझ्या हातातला तांब्या थांबला.

"पाणी घाल ना," आपा म्हणाल्या. "चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली. मग मासा. आता बघ, रात्रीचा अंधार, त्यात पाण्याच्या तळाचा अंधार, त्यात माशाच्या पोटातला अंधार. तीन अंधार एकावर एक. तिथून ते बोलले."

"मला बाहेर काढ, असं?"

"नाही."

"मग काय मागितलं?"

"काहीच नाही. ह्या दुआत मागणं नाहीच, मैमून. तुझ्याशिवाय कुणी नाही. तू पाक आहेस. आणि जुलूम करणाऱ्यांतला मीच होतो. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बाहेर कसे आले?"

आपांनी ओले हात तोंडावरून फिरवले. डोळे मिटलेले होते त्यांचे. "ते त्याचं काम. बोलायचं तेवढं नबींनी बोलून टाकलं होतं."

मी नमाजला उभी राहिले. किती रकात झाल्या ते मला आठवत नाही. मागे मागे गेलं की आठवतं ते एवढंच की जमीन मला फार जवळ वाटत होती आणि वरचं सगळं फार उंच. सात वर्षांची असल्यापासून माझ्या तोंडात हे होतं. दाढ दुखताना मी हे म्हणाले होते. हळदीला निघताना होडी हलली तेव्हाही म्हणाले होते. मीच होते, मीच होते, असं. आणि अल्लानं ते प्रत्येक वेळी ऐकून घेतलं होतं, काही न बोलता, जसं लहान मुलाचं बडबडणं घेतात तसं. आज दुपारपासून जवळजवळ दोन हजार वेळा, हाजराखालाच्या गुडघ्याला गुडघा लावून मी ते म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं, खरं होतं. फक्त मला माहीत नव्हतं की मी बोलतेय.

परत येऊन बसलो. सोळावा ढीग सुरू झाला. मी ओंजळ भरली, तोंड उघडलं आणि शब्द निघेना. ला इलाहा पर्यंत यायचं. सुबहानका पर्यंत यायचं. पुढचं घशात अडकायचं. शेजारी खाला डोळे मिटून डुलत म्हणत होती. माझा हात मात्र सवयीनं चाललाच होता. एक सोडला, दुसरा सोडला. ओंजळ संपली, पुन्हा भरली. टप, टप. सगळे मुके.

ढीग संपला. आपांनी सोळावा शिंपला उचलला.

"थांबा, आपा," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा नाही, कधीच नव्हता. पण सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"माझे चिंचोके मुके पडले."

"किती?"

"ठाऊक नाही. दोन ओंजळी. जास्तच."

"या अल्ला, मैमून!" जुबेदानं कपाळाला हात लावला. "सगळे काळे, सगळे सारखे. आता त्यातले तुजे कुठले शोधायचे?"

शोधता येणारच नव्हते. तांडेलांची बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला मी नजर दिली नाही. आपांनी शिंपला हातात फिरवला आणि होता तसाच, सुलटा, थाळीत ठेवला.

"पाच हजार परत," त्या म्हणाल्या. मग तपकिरीची डबी काढली, पण वाजवली नाही. "एकतीस वर्षं मी ही थाळी पुढ्यात घेऊन बसतेय. असं पहिल्यांदाच कुणी बोललं."

मग भिंतीकडून एक आवाज आला, कुणाचा ते मी सांगत नाही. "आपा, माजे पण दहा-वीस. मघाशी डुलकी लागली होती."

"माझे पाच-सहा," दुसरी म्हणाली. "दूध उतू गेलं असेल काय, ते मनात आलं."

जुबेदानं इकडे तिकडे पाहिलं. "माजे किती ते विचारू नका. मी जीभ हलवीत होते, एवढं खरं."

आपांनी डबी परत ठेवली. थाळीतले पंधरा उलटे शिंपले त्यांनी एकदा पाहून घेतले. "मागचं त्याच्यावर सोडू," त्या हळू म्हणाल्या. "हे पाच हजार तरी नीट म्हणू या."

बायका ढीग परत अलीकडे ओढू लागल्या. मी उठले आणि मागच्या दारानं विहिरीकडे गेले. पाठोपाठ खाला आली. तिला वाटलं, मला पुन्हा चक्कर आली.

"बस गो. डोकं खाली घाल."

"खाला, मला ताप नव्हता."

विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ मी नखानं खरवडत होते.

"मंगळवारी मला ताप नव्हता. मला हळदीला जायचं होतं. मी काखेत..."

"कांदा," खाला म्हणाली.

मी वर पाहिलं.

"गोधडी खोचली तेव्हाच वास आला. पुतणे-भाचे धरून सात पोरं वाढवलीत मी. आणि लग्नानंतर माहेरी जायला मी पण केलंय हे. तेव्हा मी दोन कांदे लावले होते, अंगाला फोड आले." तिचे ओठ किंचित हलले. त्याला हसू म्हणायचं का, मला ठाऊक नाही.

"तुला माहीत होतं? मग इद्रिसला का पाठवलंस?"

"पोर हाय म्हटलं. नटून नवऱ्यासोबत माहेरी जाईल दोन दिवस, काय बिघडतंय? मला माजे दिवस आठवले." ती विहिरीत बघत होती. "इद्रिस नको म्हणत होता. हातातलं काम द्यायचं हाय बुधवारी, आई, म्हणाला. त्याला मी काय बोललंय ठाऊक हाय तुला? दर्याला भ्यालास काय रे? तुजा बाप असता तर लाजला असता. असं बोललंय मी. जाताना त्यानं माज्याकडं पाहिलं नाय. तुज्याकडं खीर मागितली. माज्याशी बोलला नाय."

आतून आवाज सुरू झाला होता. सोळावा ढीग, पहिल्यापासून. ह्या वेळी तो घुमत नव्हता. सावकाश येत होता, शब्द शब्द सुटा. चाळीस बायका मी, मी, मी म्हणत होत्या. त्यातल्या प्रत्येकीचं काही ना काही असणारच, हे मला तिथं विहिरीपाशी उभं राहून ऐकू आलं. एवढ्या सगळ्यांचं कुणीतरी एकदम ऐकत होतं.

"अर्थ आपानं मला कधीच सांगितलाय," खाला म्हणाली. "दुपारपासून मी हेच म्हणतंय. तू म्हणतेस तुजं, मी म्हणतंय माजं. तुज्यावर रागवायला जागाच कुठं ऱ्हायली माज्याकडं?"

मी तिच्या पायांशी वाकले. तिनं मला दंडाला धरून उठवलं. तिची बोटं थंडगार होती.

"एक कर. घरी एकटी म्हणायला बसलंय की जीभ टाळ्याला चिकटते माजी. एकटीनं म्हटलं की सगळं एकटीवर येतं. तू येत जा. रोज, फजरनंतर. दोघी मिळून शंभर म्हणू. तो येईपर्यंत."

"येईन."

"असं तोंडातल्या तोंडात नको. नीट बोल."

"कबूल, खाला. रोज येईन. तो येईपर्यंत."

आम्ही आत गेलो. तिनं आमच्या दोघींत एकच ओंजळ घेतली. एक ती म्हणायची, एक मी. ती चिंचोका सोडायची, मग मी. माझा शब्द अडकला की ती थांबून राहायची, हात वर धरून, तो बाहेर पडेपर्यंत. पंचविसावा शिंपला उलटा झाला तेव्हा दिवस मावळून मगरिबची अजान होऊन गेली होती, चुलीवर कुणाचंच काही नव्हतं आणि जुबेदासुद्धा बोलत नव्हती.

निघताना आपांनी मला थांबवलं. खालानं त्यांना काही सांगितलं असावं. त्यांनी शंभर चिंचोके मोजून एका धुवट पिशवीत घातले. "हे तुझ्याकडे राहू देत. मी नवे मोजून घालीन."

त्या संध्याकाळी मी शौकतला कांद्याचं सांगितलं. तो उठून बाहेर पडवीत गेला आणि तिथंच बसून राहिला. मी बोलावलं नाही. मंगळवारी फजरनंतर मी खालाकडे गेले, बुधवारीही. आम्ही शंभर म्हणायचो, आणि शेवटचा चिंचोका पडला की दोघीही दाराकडे बघायचो.

बुधवारी दुपारी एक मालट्रक बंदरावर येऊन थांबला. त्यातून बशीर तांडेल उतरले, मग बाकीचे तिघे. ओठ फाटलेले, अंगावर दुसऱ्यांचे कपडे. उलटलेल्या लाँचच्या पाठीवर ते तीन दिवस होते, दक्षिणेकडच्या मच्छिमारांनी त्यांना काढलं आणि शुद्धीवर येईस्तो ठेवून घेतलं. बंदरावरच्या बायका धावल्या. ओरडणं, रडणं, तांडेलांची बायको त्यांच्या गळ्यात. मी ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत राहिले. तिथून आणखी कुणी उतरलं नाही.

तांडेल स्वतः हाजराखालाच्या घरी गेले. मी दाराबाहेर उभी होते. ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी पाण्याचा डबा सुटून वाहत चालला. सगळ्यांचं पाणी त्यात. इद्रिस म्हणाला, मी आणतो. डबा त्यानं धरलाही, आमच्याकडे ढकललाही. आम्ही तो ओढून घेतला. मग लाट आली.

"मग?" खालानं विचारलं.

"मग दिसला नाय, भाबी."

"काय बोलला?"

"कधी?"

"डबा ढकलताना. काय बोलला?"

तांडेलांनी मान खाली घातली. "रात्रभर तो दुआ पढत होता. आमची जीभ सुजलेली, आमच्याच्यानं होईना. तो सगळ्यांच्या वाटची म्हणत होता. म्हणाला, आईनं शिकवलीय."

खालानं हात पुढे केला, कुणाला धरायला ते कळलं नाही, आणि बायकांनी तिला घेरलं. मला आत शिरायचं धाडस झालं नाही.

हाजराखाला त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. माझ्या दोन बाळंतपणांत मला जाता आलं नाही, तेव्हा ती पिशवी मागून घ्यायला यायची आणि माझ्या खाटेशी बसून माझ्या वाटचेही म्हणायची. शौकतनं दर पावसाळ्याआधी तिचं छप्पर शाकारलं, त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी रात्री मला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

मला एवढंच माहीत होतं की मी तो येईपर्यंत असं कबूल केलंय, आणि तो येणार नाही.

गुरुवारी फजरची नमाज झाली. मी अंथरलेल्या मुसल्यावर तशीच बसले होते. जावं तर कुठल्या तोंडानं? तिला आता मी दारात नकोशी असेन. न जावं तर, ती कडी काढून वाट बघत असली तर? युनूस नबी कुठल्या दिवशी बाहेर येणार ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अंधारातच ते म्हणत राहिले होते. मी ती दुआ म्हणाले, मनातल्या मनात नाही, जिभेवर, पुरतं. शेवटचा शब्द बाहेर पडेस्तोवर थांबले.

मग उठून खुंटीवरची पिशवी काढली. शौकत जागा होता. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता. "कुठं?" असं त्यानं विचारलं नाही. पडवीत गेला, माझ्या चपला सरळ करून पायरीशी ठेवल्या आणि बाजूला झाला.

बाहेर उजाडायला लागलं होतं. खाडीवर धुकं होतं आणि ओहोटी लागलेली. पलीकडच्या घरातून आतली कडी निघाल्याचा आवाज आला. मी चपला घातल्या नाहीत, वाजतील म्हणून हातात घेतल्या. दुसऱ्या हातानं चिंचोके वाजू नयेत म्हणून पिशवी छातीशी धरली आणि अंगणात उतरले.